गोसीखुर्दच्या काठावर एक जुना ट्रेलर

नागपूरहून उमरेड, भिवापूर करत पवनीला येणारा रस्ता आमच्या घरातल्या सगळ्यांना पाठ आहे. भिवापूरला मिरचीचा वास नाकात शिरतो, एका बाजूला कऱ्हांडल्याचे जंगल साथ देते आणि मग वैनगंगेच्या काठावरची जुनी पवनी येते. गावाला जुना किल्ला आहे. जगन्नाथ टेकडीवर १९६९-७० मध्ये उत्खनन झाले तेव्हा प्राचीन बौद्ध स्तूपाचे अवशेष सापडले. पण पवनीला येणाऱ्या बहुतेकांना आज पाहायचे असते ते गोसीखुर्दचे धरण.

धरणाचे सरकारी नाव इंदिरा सागर, पण लोकांच्या तोंडी गोसीखुर्दच. २२ एप्रिल १९८८ रोजी तेव्हाचे पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते त्याची पायाभरणी झाली. तेव्हा खर्चाचा अंदाज ३७२ कोटी रुपयांचा होता. पुढे तो कित्येक पटींनी वाढला. २००९ मध्ये त्याला राष्ट्रीय प्रकल्पाचा दर्जा मिळाला. भंडारा, नागपूर आणि चंद्रपूर जिल्ह्यांतली अडीच लाख हेक्टर जमीन भिजवायची हे त्याचे उद्दिष्ट. भिंतीची लांबी ११ किलोमीटरहून अधिक, आणि दरवाजे ३३. ते उघडले की पाण्याचा आवाज लांबवर ऐकू जातो.

हे आकडे सगळ्यांना माहीत असतात. पण काठावर राहणाऱ्यांना आणखी एक गोष्ट माहीत असते. इथला काठ एका जागी राहत नाही. वैनगंगेचे खोरे इथे सपाट आहे. कोयनेसारखी दोन्ही बाजूंना डोंगरांची भिंत नाही. त्यामुळे पाण्याची पातळी थोडी वाढली की ते शेतांतून दूरवर पसरते आणि थोडी उतरली की तितकेच दूर मागे जाते. पावसाळ्याच्या शेवटी जिथे नाव बांधलेली असते तिथे उन्हाळ्यात भेगाळलेला चिखल असतो, आणि पाणी चालत जाऊन गाठावे लागते. मध्ये उघडी पडते ती गाळाची जमीन. तिच्यात मध्येच एखाद्या बुडालेल्या विहिरीचा काठ दिसतो, कुठे झाडांचे वाळलेले बुंधे. ज्यांची गावे इथे होती त्यांना ते बुंधे ओळखता येतात.

या पाण्यावर पोट भरणारे मुख्यतः ढिवर समाजाचे लोक. भंडारा हा तलावांचा जिल्हा. मासेमारी आणि शिंगाड्याची शेती त्यांच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. त्यांची जुनी नाव म्हणजे डोंगा, झाडाचे खोड कोरून केलेला. तलावासाठी तो पुरेसा होता. पण गोसीखुर्दचे पाणी म्हणजे तलाव नव्हे. वारा सुटला की लाटा उठतात, जाळे टाकायची जागा दूर असते. म्हणून आता फायबरच्या बोटी आल्या, त्यांना मागे मशीन लागले. काठावर भेटलेल्या एका वयस्कर मच्छीमाराने त्यातली अडचण दोन वाक्यांत सांगितली, "डोंगा हलका होता जी, चौघं उचलून नेत होतो. हे मशीनवालं कोन उचलन?"

इथे ट्रेलरचा विषय येतो. बोट पाण्यावर चालते, पण पाण्यापर्यंत ती चाकांवरच जाते.

पवनीत माझ्या मामूंचे वेल्डिंगचे दुकान आहे. नांगराचे फाळ, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या, घरांची फाटके हे त्यांचे रोजचे काम. मागच्या हिवाळ्यात काही मच्छीमारांनी मिळून एक जुनी बोट तिच्या ट्रेलरसकट भंगाराच्या भावात घेतली आणि ट्रेलर मामूंच्या दारात आणून टाकला. बोट बरी होती. ट्रेलर मात्र कित्येक पावसाळे उघड्यावर उभा राहिलेला. माझा आठवीतला मुलगा सुट्टीत तिथेच होता. त्यामुळे हे काम मी तीन फेऱ्यांत पाहिले, आणि उरलेले मुलाच्या तोंडून ऐकले.

मामूंनी पहिल्या दिवशी हातात ब्रश घेतला नाही, हातोडी घेतली. सांगाड्याच्या प्रत्येक पट्टीवर हळूच ठोकत गेले. चांगले लोखंड खणखणते, आतून खाल्लेले थपथपते. वरून रंग शाबूत असलेल्या एका चौकोनी पाइपातून ठोकताच तपकिरी भुकटी गळू लागली. "पाइप आतून सडतो बेटा," ते मुलाला म्हणाले, "आणि आत ब्रश जात नाही." पोकळ पाइपात पाणी शिरते, पण वाळत नाही. म्हणून त्यांनी दोन्ही लांब पट्ट्या कापून काढल्या आणि त्यांच्या जागी उघड्या बाजूचे सी-चॅनल लावले. त्याची प्रत्येक बाजू डोळ्यांना दिसते, धुता येते, रंगवता येते. जे दोन पाइप ठेवावे लागले त्यांना खालच्या बाजूने भोके पाडली, म्हणजे पाणी साचणार नाही.

मग टायर. त्यांच्या नक्ष्या नव्यासारख्या दिसत होत्या. मामूंनी मुलाला टायरच्या कडेवरचे चार आकडे वाचायला लावले. पहिले दोन आकडे आठवड्याचे, शेवटचे दोन वर्षाचे. २३११ लिहिले असेल तर तो टायर २०११ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला. ट्रेलर वर्षातून थोडेच दिवस चालतो, त्यामुळे त्याचा टायर घासून संपत नाही. उन्हाने सुकून तडकतो. जुन्या टायरांच्या कडांना बारीक भेगा पडल्या होत्या. दोन्ही काढले. ही तपासणी आपण आपल्या घरच्या गाडीच्या स्टेपनीलाही लावून पाहावी. ती वर्षानुवर्षे डिकीत पडून म्हातारी होते आणि आपल्याला पत्ता नसतो.

सर्वांत जास्त वेळ चाकांच्या बेअरिंगला लागला. ट्रेलर रस्त्यावर बंद पडतो तो बहुतेक वेळा बेअरिंगमुळेच, आणि त्याचे कारण समजण्यासारखे आहे. गाडी पंधरा-वीस किलोमीटर धावून आली की चाकाचा हब गरम होतो, आतली हवा फुगलेली असते. तसाच तो थंड पाण्यात उतरवला की हवा एकदम आक्रसते आणि झिजलेल्या सीलमधून पाणी आत ओढून घेते. पाणी ग्रीसमध्ये मिसळून ते दुधाळ होते, बेअरिंगवर गंज चढतो, आणि पुढच्या खेपेला चाक भर रस्त्यात जाम होते. आमच्या ट्रेलरचा एक हब उघडला तेव्हा आतले ग्रीस अगदी मळक्या ताकासारखे झालेले होते.

मामूंनी नवे बेअरिंग, नवे ऑइल सील घातले आणि पाण्याला टिकणारे ग्रीस वापरले. जुने ग्रीस रॉकेलने पूर्ण धुऊन काढले, कारण दोन जातींचे ग्रीस एकत्र झाले की दोन्ही पातळ होऊ शकतात. मग चाक हाताने फिरवत फिरवत नट आवळला, किंचित मागे घेतला आणि पिन घातली. फार आवळला तर बेअरिंग तापून जळते, सैल ठेवला तर चाक डुगडुगते. हे माप कुठल्या पुस्तकापेक्षा हातालाच जास्त कळते. एक जादा बेअरिंग, सील आणि ग्रीसची डबी त्यांनी ट्रेलरलाच लावलेल्या पेटीत ठेवली.

रंगाच्या बाबतीत दुकानात बराच वाद झाला. बोटीच्या ट्रेलरला सर्वांत टिकाऊ लेप म्हणजे जस्ताचा. लोखंड साधारण ४५० अंश सेल्सिअसच्या वितळलेल्या जस्तात बुडवून काढतात. कोकणच्या खाऱ्या पाण्यात याला पर्याय नाही. पण गोसीखुर्दचे पाणी गोडे, आणि सांगाडा नागपूरला पाठवून आणायचा खर्च मच्छीमारांना झेपणारा नव्हता. शेवटी मधला मार्ग निघाला. सांगाडा लोखंडी ब्रशने आणि ग्राइंडरने चकचकीत होईपर्यंत घासला, त्यावर जस्तयुक्त प्रायमर, वर इपॉक्सी रंगाचे दोन हात. यू-बोल्ट, नट आणि साखळ्या मात्र जस्त चढवलेल्या घेतल्या. कमानपाटे खोलून एकेक पान साफ केले आणि मधे ग्रीस भरले.

एक सूचना मामूंनी मुलाला दोनदा केली, ती इथे लिहून ठेवते. जस्त चढवलेल्या लोखंडावर तसेच वेल्डिंग करू नये. त्या धुराने काही तासांनी थंडी वाजून ताप भरतो. जोडाच्या जागचे जस्त आधी घासून काढावे, काम मोकळ्या हवेत करावे आणि वाऱ्याची दिशा पाहून उभे राहावे. ज्या घरात कोणी वेल्डिंग करतो त्या घरच्या बायकांनाही हे माहीत असावे, कारण असा ताप आला की आपण तो मलेरिया समजतो.

बोट जिच्यावर टेकते त्या लाकडी पट्ट्या सडल्या होत्या. नव्या पट्ट्यांवर घालायला मामींनी घरातली जुनी सतरंजी काढून दिली. मामूंनी ती नाकारली. सुती कापड पाणी धरून ठेवते. त्याखाली लाकूड कुजते आणि खिळे गंजतात. त्याऐवजी दारात टाकतात तसली प्लॅस्टिकच्या धाग्यांची चटई कापून लावली, ती तासाभरात वाळते. सतरंजी मात्र वाया गेली नाही. जेवणाच्या वेळी दुकानात तीच अंथरली जायची आणि मामींच्या हातचा मरळीचा रस्सा व भात तिच्यावर बसूनच खाल्ला जायचा.

इथपर्यंत दुरुस्ती झाली. पुढचे काम होते ट्रेलर या जागेला साजेसा करण्याचे. तो मुळात पक्क्या सिमेंटच्या उतारासाठी बनवलेला होता. तिथे गाडी थोडी मागे घेतली की ट्रेलर खोल पाण्यात जातो आणि बोट तरंगते. गोसीखुर्दच्या काठावर उतार इतका कमी की बोट तरंगेपर्यंत ट्रेलर बराच आत न्यावा लागतो. तोवर ओढणारा ट्रॅक्टरच चिखलात रुततो. मामूंनी यावर उपाय केला तो लांब दांडीचा. पुढच्या दांडीत सरकवून पिनने अडकवता येईल असा जादा तुकडा त्यांनी तयार केला. रस्त्यावर तो काढून ठेवायचा, काठावर लावायचा. ट्रॅक्टर घट्ट जमिनीवर राहतो आणि ट्रेलर आत जातो. चिखलणीच्या वेळी धानाच्या बांधीत वापरतात ती लोखंडी केजव्हीलही ट्रॅक्टरला लावता येतात. धानाच्या या मुलखात ती जवळपास प्रत्येक गावात सापडतात.

दुसरी सुधारणा दिव्यांची. मागचे दिवे आता एका सुट्या फळीवर आहेत. पाण्यात उतरण्याआधी वायरची पिन काढायची आणि फळी उचलून बाजूला ठेवायची. दिवे भिजत नाहीत, त्यामुळे दर वर्षी बदलावे लागत नाहीत. हे चोचले नव्हेत. मोटार वाहन कायदा, १९८८ ट्रेलरलाही वाहनच मानतो. संध्याकाळच्या अंधारात बिनदिव्याची ट्रॉली मागून येणाऱ्या मोटारसायकलला दिसत नाही, आणि असे अपघात आपल्या ग्रामीण रस्त्यांवर किती होतात हे आपण सगळे जाणतो. सुरक्षेच्या दोन साखळ्या हुकाखाली फुली मारून अडकवल्या आहेत. हुक निसटला तरी दांडी जमिनीत न रुतता त्या फुलीवर टेकते.

तिसरी गोष्ट तोलाची. बोट ट्रेलरवर फार मागे बसली तर वेगात ट्रेलर शेपटीसारखा डुलू लागतो, फार पुढे बसली तर ओढणाऱ्या गाडीचा मागचा भाग दबतो. एकूण वजनाचा साधारण दहावा हिस्सा हुकावर यावा असा ठोकताळा आहे. बोट, मशीन आणि ट्रेलर मिळून पाचशे किलो असेल तर दांडीखाली पन्नास किलोच्या आसपास. मामूंनी शेजारच्या किराणा दुकानातला वजनकाटा आणला, दांडी त्यावर टेकवली आणि आकडा जुळेपर्यंत बोटीच्या नाकाचा आडोसा मागे-पुढे केला. माझ्या मुलाला शाळेत तरफेचे तत्त्व शिकवले होते. ते त्याला त्या दिवशी कळले.

एवढी मेहनत एका जुन्या ट्रॉलीवर कशासाठी, असे कोणी विचारले की मामू २०२० सालचे नाव घेतात. त्या ऑगस्टच्या अखेरीस मध्य प्रदेशात जोराचा पाऊस झाला, वरच्या संजय सरोवरातून पाणी सोडावे लागले आणि वैनगंगेला महापूर आला. भंडारा शहराच्या वस्त्यांत पाणी शिरले. गोसीखुर्दचे सर्व ३३ दरवाजे उघडावे लागले आणि खाली ब्रह्मपुरी, गडचिरोलीपर्यंतची गावे वेढली गेली. बचाव दले बोटी घेऊन आली, गावोगावच्या ढिवरांनी आपले डोंगे काढले. त्या दिवसांत मामूंनी एका ठिकाणी पाहिले की बोट तयार होती, चालवणारे तयार होते, पण ट्रेलरचे चाक जाम होऊन तो वाटेतच थांबला होता. शेवटी गावकऱ्यांनी बोट खांद्यावर घेतली. त्यात किती वेळ गेला याचा हिशेब ते सांगत नाहीत. इतकेच म्हणतात, "नूह अलैहिस्सलाम यांच्या कश्तीपर्यंत पाणी स्वतः आलं. आपल्याला आपली बोट पाण्यापर्यंत न्यावी लागते."

बोट सगळ्यांना दिसते. तिचे फोटो निघतात, तिला हार घातला जातो. ट्रेलर दोन पावसाळ्यांच्या मधले महिने कुठल्यातरी भिंतीमागे उभा असतो आणि गरजेच्या दिवशी नेमका तोच लागतो. आता गोसीखुर्दच्या पाण्यावर जलपर्यटनाच्या योजना आल्या आहेत. आंभोऱ्याला, जिथे वैनगंगा, कन्हान आणि आणखी तीन लहान नद्या भेटतात, तिथल्या नव्या केबलच्या पुलावर सुट्टीच्या दिवशी कुटुंबांची गर्दी असते. बोटी वाढतील, त्याबरोबर ट्रेलरही वाढतील. त्यांची निगा राखणारे हात इथल्याच दुकानांत आहेत. मच्छीमारांच्या आणि कारागिरांच्या मुलांना त्यातून काम मिळाले तर ज्यांची जमीन पाण्याखाली गेली त्यांच्याकडे त्या पाण्यातले थोडे तरी परत येईल.

फेब्रुवारीत बोट पहिल्यांदा उतरवली. काठावर पोचताच तरुण मंडळी ट्रेलर थेट पाण्यात घालायला निघाली. मामूंनी अडवले, हबवर हात ठेवून पाहिला आणि म्हणाले, "चहा प्या आधी." अर्धा तास सगळे बाभळीच्या सावलीत बसले. हब थंड झाल्यावर लांब दांडी लावली, ट्रेलर हळूहळू आत गेला, आणि बोट पट्ट्यांवरून आपसूक सुटली. दोनदा उतरवली, दोनदा विंचने परत चढवली. दुसऱ्यांदा डावी पट्टी जरा उंच वाटली, ती दुकानात येऊन अर्धा इंच खाली घेतली.

परत आल्यावर ट्रेलर हातपंपाच्या पाण्याने चाकांपासून दांडीपर्यंत धुतला. हे केवळ चिखलासाठी नव्हे. नागपूर शहराचे सांडपाणी नाग नदीतून कन्हानला आणि कन्हानमधून वैनगंगेला मिळते, आणि ते शेवटी याच जलाशयात येऊन थांबते. त्यावर जलपर्णी माजते. तिच्या मुळ्या ॲक्सलला गुंडाळून राहतात आणि ओल धरून ठेवतात. शिवाय एका तलावातून दुसऱ्या तलावात ही वनस्पती अशाच धुतल्याविना गेलेल्या ट्रेलरवरून पसरते. आम्ही नागपूरकरांनी सोडलेले पाणी इथल्या लोकांना आपल्या बोटींवरून धुवावे लागते, हे मुलाला तिथे उभे करूनच समजावता आले.

गोसीखुर्दला कुटुंबासह जायचे असेल तर हिवाळा चांगला. पाण्यावर दूरदेशीचे पक्षी असतात, काठ कोरडा असतो. बोटीत बसाल तर लहानांपासून थोरांपर्यंत प्रत्येकाच्या अंगात जॅकेट असल्याशिवाय निघू नका, आणि दरवाज्यांच्या खालच्या बाजूला नदीत उतरू नका. पाणी कधी सुटेल सांगता येत नाही. आणि आपल्या गावात, ग्रामपंचायतीत किंवा मच्छीमार संस्थेत एखादी बोट ट्रेलरवर उभी असेल तर मे महिन्यात एकदा तिथे जाऊन या. चाके जमिनीवरून उचलून हाताने फिरवून पाहा. खरखर आवाज आला तर बेअरिंग बदला. टायरवरचे साल वाचा, साखळ्या आणि दिवे तपासा, ग्रीस भरा. एका दुपारचे काम आहे. जूनमध्ये नदी चढू लागली की त्यासाठी दुपार मिळत नाही.